नऊ नंबरवाली

माझ्या ताईचं लग्न ठरलं तेव्हा आईने गल्लीभर सांगितलं होतं की मुलगा ग्रंथालयात नोकरीला आहे, दिवसभर पुस्तकांच्या सहवासात असतो. पुस्तकांच्या सहवासात माणूस आपोआप शहाणा होतो अशी आईची समजूत होती. तसं असतं तर आमच्या कपाटांना लागलेली वाळवी पंडित झाली असती.

पुढे मीही त्याच ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर लागले आणि भावोजींचा पुस्तकांशी संबंध किती, ते मला रोज दिसू लागलं. ते तळघरात जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीत बसत. महिन्याचे अंक एकत्र बांधायचे, पाठीवर महिना आणि साल लिहायचं, फळीवर ठेवायचे, एवढंच काम. तेही त्यांना पुरून उरायचं. कर्मचाऱ्यांना पुस्तकं घरी न्यायला कार्ड मिळतं. भावोजींचं कार्ड माझ्याच खणात होतं, कोरं करकरीत. मी लागल्यापासून त्यावर एकही पुस्तक गेलं नव्हतं. पण वाचनाचा विषय निघाला की डोळे अर्धवट मिटून म्हणायचे, "वाचनाची गोष्टच वेगळी. त्याला बैठक लागते." बैठक त्यांची उत्तम होती, त्याबद्दल वाद नाही.

मग ग्रंथालयाला कॉम्प्युटर मिळाले. मागचा लांबट हॉल रिकामा करून भिंतीकडेने ते मांडले, प्रत्येकावर नंबर चिकटवला आणि कुणीही यावं, अर्धा तास फुकट वापरावा, अशी सोय झाली. या हॉलला कुणीतरी प्रभारी हवा होता. तरण्या कर्मचाऱ्यांनी अंग काढून घेतलं, कारण लोक सारखे हाका मारणार हे त्यांना कळत होतं. ग्रंथपालसाहेब निर्णय घ्यायचा म्हटलं की तो उद्यावर ढकलायचे. त्यांनी विचार केला की तळघरातला माणूस वर आणला तर तळघराचं काही अडणार नाही. भावोजी प्रभारी झाले. त्या दिवशी ताईला त्यांच्या शर्टाला दोनदा इस्त्री करावी लागली.

हॉलच्या टोकाला एक छोटी केबिन होती. तिचं दार मागच्या जिन्याकडे उघडायचं आणि हॉलच्या बाजूला नुसती भिंत. भावोजी मागच्या जिन्याने यायचे, केबिनमध्ये बसायचे आणि मागच्या जिन्याने जायचे. हॉलमध्ये पाऊल टाकायची त्यांना गरजच पडत नव्हती, कारण नंबराची चिठ्ठी मी माझ्या टेबलावरून द्यायची. लोक हाका मारायचे त्या मलाच. प्रभारी मात्र ते.

सुरुवातीला एक अडचण खरी होती. लोक येऊन व्हिडिओ बघायचे, आणि सात-आठ जण एकदम बघायला लागले की नेट मुंगीच्या पावलाने चालायचं. नोकरीचा अर्ज भरायला आलेल्या माणसाचं पान उघडायचं नाही, तो माझ्यावर चिडायचा. काहीजण आवाज मोठा ठेवायचे. साहेबांनी दोन नियम केले: व्हिडिओ हेडफोन लावूनच बघायचा, आणि कुणी कामासाठी ताटकळत असेल तर आधी त्याला जागा द्यायची. नियम सरळ होते, पाळलेही जात होते. पण भावोजींनी त्यात आपला एक घुसडला. शैक्षणिक व्हिडिओ चालेल, करमणुकीचा चालणार नाही. आणि शैक्षणिक काय, हे कोण ठरवणार? प्रभारी.

नेटचं बघायला एक तंत्रज्ञ आला होता. जाता जाता त्याने भावोजींच्या कॉम्प्युटरवर एक सोय करून दिली. हॉलमधल्या सगळ्या स्क्रीन त्यांच्या स्क्रीनवर छोट्या चौकोनांत दिसायच्या. एखाद्या चौकोनावर टिचकी मारली की तो मोठा व्हायचा, आणि बटण दाबलं की तिकडची स्क्रीन काळी होऊन त्यावर मजकूर यायचा. मशीन अडकलं तर मदत करता यावी, म्हणून ती सोय होती. भावोजींनी मजकूर स्वतः तयार केला. त्यासाठी त्यांना दोन दिवस लागले. "हे ग्रंथालय आहे, थिएटर नव्हे. आज्ञेवरून, प्रभारी." आज्ञा कुणाची, हे त्यांनाच विचारायला हवं.

तेव्हापासून माणूस बदलला म्हणतात तसं झालं. तळघरात पेंगणारे भावोजी आता सकाळी वेळेआधी हजर राहू लागले. दिवसभर त्या चौकोनांकडे बघत बसायचे. आवाज येत नसे, नुसती चित्रं. व्हिडिओ बघणाऱ्यांना नावं ठेवणाऱ्या या गृहस्थांइतके व्हिडिओ त्या इमारतीत दुसऱ्या कुणी बघितले नसतील. आगगाड्यांची इंजिनं बघायला एक आजोबा यायचे. त्यांची अर्धी इंजिनं भावोजींनी बघून घेतली आणि मग बटण दाबलं.

आणि संध्याकाळी घरी जेवताना त्या सगळ्याचा पाढा. मी अधूनमधून ताईकडे जेवायला असायची, म्हणून मला माहीत. माणसांचे चेहरे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते, त्यामुळे नंबरानेच बोलायचे. दोन नंबरवाला टक्कल लपवायच्या युक्त्या बघतो. अकरा नंबरवालीला नवऱ्यापासून वेगळं व्हायचंय, वकिलाचं भाषण बघत होती. आणि पाच नंबर. पाच नंबरवर बहुतेक दिवशी रंगाच्या दुकानातला एक विक्रेता बसायचा. तो बोलताना अडखळायचा. माझ्या टेबलापाशी येऊन "पाच" म्हणायलासुद्धा त्याला कष्ट पडायचे, मग मीच न विचारता चिठ्ठी पुढे करायची. तो अडखळणं कमी करायचे व्यायाम बघायचा, ओठ हलवून मनातल्या मनात म्हणून बघायचा. भावोजींना स्क्रीनवर व्यायाम शिकवणारी बाई दिसायची, आणि तेवढ्यावरून त्यांनी बघणाऱ्याची नक्कल बसवली होती. घास तोंडात असताना "प-प-प-पाच" करून दाखवायचे आणि स्वतःच हसायचे. ताई वाढता वाढता थांबायची. पण बोलायची नाही. ताईला लग्नापासून न बोलायची सवय लागली होती. भाची शिकायला बाहेरगावी गेल्यावर तर घरात बोलायला माणूसच उरलं नव्हतं.

त्याच सुमारास ताईचं कपडे धुवायचं मशीन बंद पडलं. मेकॅनिक आला, त्याने झाकण उघडून आत बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि नवीन घ्या म्हणून सांगून गेला. ताई मला म्हणाली, "त्याने मागचं पत्र्याचं दारसुद्धा काढलं नाही गं. आत काय असतं ते एकदा बघायचंय मला." ताईच्या घरी नेट नव्हतं. नेटने डोकं बिघडतं, असं भावोजींचं मत होतं. माझ्या फोनवर बघ म्हटलं, तर एवढ्याशा चित्रात तिला स्क्रू दिसेनात. मग मीच म्हटलं, ग्रंथालयात ये. मी तुला चिठ्ठी देते. भावोजी काही हॉलमध्ये येत नाहीत.

ती दुपारी आली. मी तिला नऊ नंबर दिला, कोपऱ्यातला. हेडफोन कसे लावायचे ते दाखवलं. अर्धा तास संपला तरी ती उठेना. मागे कुणी थांबलेलं नव्हतं, मी तिला बसू दिलं.

दोन दिवसांनी ताईने ते मशीन उघडलं. पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपात भावोजींच्या शर्टाचं बटण अडकलं होतं. तिने ते काढलं, मशीन चालू झालं. संध्याकाळी कपडे वाळत घातलेले बघून भावोजी म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, चार दिवस राहू दे, आपोआप होईल?" त्यांनी असं काही म्हटलेलं नव्हतं. ताईने बटण त्यांच्या शर्टाला परत लावून टाकलं.

तिथे ती थांबायला हवी होती, पण तिला गोडी लागली. ती आठवड्यातून तीन-चार वेळा येऊ लागली. ड्रम कसा काढायचा, बेअरिंग कसं बदलायचं, पट्टा घसरला तर कसा ताणायचा. वाचून हे कळत नाही. हात कुठे जातो, किती जोर लावतो, ते बघावंच लागतं. माझी ताई, जी इतकी वर्षं दुकानदारालासुद्धा खाली मान घालून भाव विचारायची, ती त्या स्क्रीनसमोर ताठ बसून हवेत पाना फिरवायची. शेजारणीचं मशीन तिने दुरुस्त केलं. मग वरच्या मजल्यावरच्या काकूंचं. भावोजींना पत्ता नाही. त्या वेळात ते आजोबांची इंजिनं बघत असायचे.

आणि मग चौकोनांत त्यांना नऊ नंबर दिसला.

तो चौकोन बघूनच त्यांचं डोकं फिरलं. ताईकडे जेवायला बसलो असताना मी स्वतः ऐकलंय. म्हणाले, "एक नऊ नंबरवाली आहे. बाईच असणार, दुपारच्या निवांत वेळात येते. कपडे धुवायचं मशीन उघडून बघते, बघते आणि बघते. घरात काम नाही, डोक्यात काही नाही. ही काय ज्ञानसाधना आहे?" ताई त्यांच्या ताटात भाजी वाढत होती. तिने पळी भांड्यात ठेवली आणि विचारलं, "मग तुम्ही काय करता?" ते म्हणाले, "काय करणार? बंद करतो. परत लावते. निर्लज्ज आहे."

मला हसू आवरेना, मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले. ताईच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. स्वयंपाकघरात मी तिला म्हटलं, आता काही दिवस येऊ नकोस. ती म्हणाली, "का? नियमात बसतं ना? हेडफोन लावते, कुणी थांबलं असेल तर उठते." मी म्हटलं, नियमात बसतं. "मग येणार," ती म्हणाली. असा आवाज मी तिचा लहानपणी ऐकला होता, भांडताना.

त्यानंतर ते जुंपलंच. ती लावायची, ते बंद करायचे. स्क्रीन काळी व्हायची, प्रभारींचा मजकूर यायचा, ती शांतपणे परत पहिल्यापासून लावायची. आपल्या नवऱ्याशी तिचं लग्नापासून एवढं बोलणं झालं नसेल. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्या मालकाला हाताखाली माणूस हवा होता. ताई परस्पर जाऊन त्याला भेटून आली होती. पुढचा दरवाजा असलेली मशीन उघडता येतात का, असं त्याने विचारलं होतं. ती म्हणाली होती, आठवडाभराने येऊन दाखवते. म्हणून त्या दरवाजाभोवतीचं रबराचं कडं बसवायचा व्हिडिओ तिला शेवटपर्यंत बघायचा होता.

नऊ नंबरवालीला पकडायला भावोजींनी दिवस मुद्दाम निवडला. व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष हॉल बघायला येणार होते. माजी मुख्याध्यापक, हळू चालणारे, सगळ्याला "छान, छान" म्हणणारे. साहेब त्यांच्या मागे हात बांधून. शिस्त कशी असते हे अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत दाखवावं, असं भावोजींच्या मनात आलं. दोनदा इस्त्री केलेला शर्ट घालून ते केबिनमधून उठले, मागचा जिना उतरले, वळसा घालून माझ्या टेबलावरून प्रथमच हॉलमध्ये शिरले. मला उठून ताईला सांगायलाही वेळ मिळाला नाही. खरं सांगायचं तर मी फार घाईही केली नाही.

हॉल भरलेला होता. पाचवर रंगाच्या दुकानातला विक्रेता, कोपऱ्याआधी इंजिनवाले आजोबा, बाकी अर्ज भरणारे. भावोजी अध्यक्षांकडे बघत मोठ्या आवाजात म्हणाले, "अध्यक्षसाहेब, एक नमुना दाखवतो." आणि नऊ नंबरच्या खुर्चीमागे जाऊन त्यांनी खुर्चीच्या पाठीवर थाप मारली. "ओ बाई, हे ग्रंथालय आहे."

ताईने मान वळवली. भावोजींचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. ताईने त्यांना बघितलं, मग स्क्रीनकडे बघितलं. स्क्रीनवर एक माणूस रबराचं कडं खाचेत बसवत होता. तिने हाताचा पंजा वर करून त्यांना थांबायची खूण केली आणि परत स्क्रीनकडे वळली.

ते थांबले. हेच मला अजून खरं वाटत नाही. समितीचे अध्यक्ष, साहेब आणि अख्खा हॉल बघत असताना हा गृहस्थ बायकोच्या खुर्चीमागे हात लोंबते सोडून उभा राहिला. कडं पूर्ण बसलं, माणसाने दार लावून दाखवलं, व्हिडिओ संपला. मग ताईने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"बोला," ती म्हणाली.

"तू इथे काय करतेयस?" भावोजींचा आवाज घरातला होता, पण दबका.

"तुम्हाला माहीत आहे की. रोज बघता. जेवताना सांगत होतात ना मला, नऊ नंबरवालीच्या डोक्यात काही नाही म्हणून."

अध्यक्षांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी जमिनीकडे. ताई उठून उभी राहिली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "यांच्या केबिनमध्ये तुम्हा सगळ्यांच्या स्क्रीन दिसतात," ती हॉलला म्हणाली. "तुम्ही काय बघता ते हे रोज घरी जेवताना सांगतात. मी इतके दिवस ऐकून घेतलं, ती माझी चूक."

कीबोर्डांची टकटक थांबली. आजोबांनी आपल्या इंजिनावर हात ठेवला, जणू ते झाकायचं होतं. तेवढ्यात पाच नंबरची खुर्ची सरकली. तो विक्रेता उभा राहिला होता. त्याला बोलायचं होतं. त्याचा जबडा ताठरला, डोळे मिटले, शब्द येईना. सगळे थांबले. अध्यक्षसुद्धा "छान" म्हणायचे विसरले.

"मा... मा... माझंही?" त्याने विचारलं.

ताईने नुसतं नवऱ्याकडे बघितलं. भावोजी भिंतीवरच्या सूचनेकडे बघत होते, स्वतःच लावलेल्या. विक्रेत्याला उत्तर मिळालं. त्याने खुर्ची नीट आत सरकवली, माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवली आणि निघून गेला.

त्या आठवड्यात साहेबांना निर्णय घ्यावा लागला, कारण तक्रारी अध्यक्षांकडेच गेल्या. ती चौकोनांची सोय काढून टाकली. व्हिडिओसाठी कोपऱ्यातले चार कॉम्प्युटर वेगळे ठेवले, दोन खुर्च्यांच्या मध्ये लाकडी आडोसे घातले, चित्राचा स्पष्टपणा थोडा कमी ठेवला म्हणजे बाकीच्यांचं नेट अडणार नाही. काय बघायचं ते बघणाऱ्याने ठरवायचं. एवढं साधं होतं. भावोजींना परत तळघरात पाठवलं. त्यांनी जाताना प्रभारी लिहिलेली पाटी काढून बरोबर नेली. ती आता वर्तमानपत्रांच्या खोलीच्या दारावर आहे.

त्यांना पश्चात्ताप झाला असेल असं वाटून मी काही दिवस त्यांच्याशी सांभाळून बोलले. फुकट गेलं ते. ताईने त्यांना एकदाच सांगितलं, त्या रंगाच्या दुकानात जाऊन त्या माणसाची माफी मागून या. ते म्हणाले, "मी काय खोटं सांगितलं होतं?" खरोखर त्यांना कळलेलं नव्हतं. न कळण्याचंही एक वरदान असतं, आणि ते भावोजींना भरभरून मिळालं आहे.

ताई दुरुस्तीच्या दुकानात लागली. नखांत काळं ग्रीस असतं, मनगट जाड झालंय, आणि ती मोठ्याने बोलते. भावोजी ओळखीपाळखीच्या लोकांना सांगतात की तिला हे शिक्षण माझ्याच हॉलमध्ये मिळालं, मीच सोय करून दिली. ऐकणाऱ्यांतले निम्मे मान डोलावतात.

तो विक्रेता बराच काळ आला नाही. मग एक दिवस आला, टेबलापाशी उभा राहिला. मी सवयीने चिठ्ठी पुढे केली, त्याने मान हलवली. त्याला स्वतः म्हणायचं होतं. मागे रांग होती, एकजण घड्याळ बघत होता. मी थांबले. त्याने "बारा" म्हटलं, आडोशातला नंबर. मी चिठ्ठी दिली.

मी ताईला एकदा विचारलं होतं, या माणसाबरोबर तू राहतेस कशी? ती म्हणाली, "घर माझंही आहे." परवा तिच्याकडे जेवायला होते. आता जेवताना रेडिओ लावलेला असतो. भावोजींनी तळघरात कोण येतं, कसले जुने अंक मागतं, ते सांगायला सुरुवात केली. एक म्हातारी येते म्हणे, कुणाच्या तरी मृत्यूची बातमी शोधत. ताईने हात लांब करून रेडिओचा आवाज वाढवला. भावोजी दोन शब्द बोलले, मग थांबले, आणि खाली मान घालून भात कालवू लागले.